न्हाणीघराच्या फरशांना रंग

न्हाणीघराच्या भिंतीवरील फरशा डागाळल्या म्हणजे त्या उपटून नव्या बसवाव्यात की त्यांवरच रंगाचा हात फिरवावा, हा प्रश्न बेताच्या मिळकतीच्या घरांत हमखास निघतो. रंगाला खर्च थोडा, ही गोष्ट खरी. परंतु तो टिकेल किती, हे आधी पाहिले पाहिजे.

फरशीची झिलई म्हणजे वस्तुतः काचच. तीत रंग मुरत नाही, नुसता वर बसतो. पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेतील फरशांवरची १९३५ सालची निळी चित्रे आजही टिकून आहेत, ती भट्टीत भाजून रंग पक्का झाला म्हणून. आपल्या डब्यातल्या रंगाला ते भाग्य कोठले! त्यासाठी साबणाचा व क्षारांचा थर पुरता खरवडावा, पॉलिश पेपरने झिलईची चकाकी मोडावी, भिंत कोरडी करावी आणि मग प्रायमर व त्यावर इपॉक्सी रंग द्यावा. पुढे काही दिवस तेथे स्नान बंद! एकच न्हाणीघर असलेल्या कुटुंबाने हे आधीच ध्यानात घ्यावे.

इतके करूनही जमीन व नळाखालची भिंत रंगवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे आज ना उद्या पापुद्रे निघतात. आरशाभोवतालची कोरडी भिंत मात्र खुशाल रंगवावी. टिचकी मारली असता फरशी पोकळ वाजत असेल किंवा सांध्यांतून ओल येत असेल, तर रंगाच्या दुकानाची वाट धरण्याआधी गवंड्यास बोलवावे.