एक जोडणी, तीन बिऱ्हाडे

आपल्या संघाच्या अनेक सभासदांची राहणी अद्याप जुन्या वळणाची आहे. रस्त्याला लागून पेढी, पेढीमागे वखार, मध्ये चौक, आणि मागील अंगास व माडीवर राहते घर. अशा वास्तूत इंटरनेटची एकच जोडणी घेऊन ती सर्व बिऱ्हाडांस कशी पोहोचवावी, हे या लेखात सांगावयाचे आहे. लेखक धान्याचा घाऊक व्यापारी असून त्याचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. तेव्हा पुढील मजकुरात पांडित्य नाही. जे आहे ते बेळगावातील आमच्या वाड्यात प्रत्यक्ष करून, आणि त्याआधी एकदा चांगलेच चुकून, शिकलेले आहे.

त्या चुकीपासूनच आरंभ करतो. आमच्या वाड्याची वाटणी १९९८ साली झाली व चौकाच्या मधोमध विटांची भिंत आली. अलीकडील भाग व पेढी माझ्याकडे, पलीकडील भाग व माडी धाकट्या बंधूंकडे. पुढे इंटरनेट आले तेही वाटणीच्याच रीतीने आले. पेढीस एक जोडणी, आमच्या मागील घरास दुसरी, बंधूंकडे तिसरी. एकाच खांबावरून तिन्ही तारा उतरत आणि दर महिन्यास तीन बिले येत. इतके करूनही वखारीत तोलकाट्यापाशी मोबाइलवर एक रेघ उमटत नसे.

२०२३ साली चतुर्थीच्या आधी गोव्याची एक गाडी तांदूळ भरून दारात उभी होती. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या बांधीव व लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के जी.एस.टी. लागू झाला आहे. असा पन्नास हजार रुपयांवरील माल परराज्यात धाडावयाचा तर ई-वे बिलावाचून गाडी हलवता येत नाही. नेमक्या त्याच दुपारी आमच्या नातवाने वखारीसाठी बाजारातून दुसरा राउटर आणला व तारेने जुन्या राउटरास जोडला. दहा मिनिटांत पेढीवरील संगणक, मोबाइल, छपाईयंत्र, सारेच मुके झाले. ई-वे बिल मोबाइलच्या स्वतःच्या इंटरनेटवरूनही निघू शकते हे मला ठाऊक नव्हते. ज्याला ठाऊक होते तो वायरी उपसण्यात गुंतला होता. गाडी निघाली ती दिवेलागणीनंतर, भर पावसात, घाटाच्या वाटेने. गिऱ्हाइकाने उशिराबद्दल चकार शब्द काढला नाही. पुढची मागणी मात्र दुसऱ्या पेढीकडे गेली.

झाले काय होते, हे समजून घेतले म्हणजे अर्धी विद्या हाती येते. राउटर हा पेढीवरील मुनीम समजावा. त्याची कामे मुख्यतः दोन. घरात जे जे यंत्र येईल त्यास तो एक क्रमांक देतो. हमालांना बिल्ले वाटावेत तसा. या क्रमांकास आय.पी. पत्ता म्हणतात आणि क्रमांक वाटण्याच्या व्यवस्थेस डी.एच.सी.पी. दुसरे काम आवक-जावक नोंदवहीचे. बाहेरच्या जगास आपल्या पेढीचा एकच पत्ता ठाऊक असतो. सूनबाईंनी काही मागविले, नातवाने काही मागविले, मी बाजारभाव मागविले, तरी पत्र जाते ते पेढीच्या नावाने. उत्तर आले म्हणजे मुनीम वही पाहतो आणि ज्याचे त्यास पोहोचते करतो. या नोंदवहीस एन.ए.टी. अशी संज्ञा आहे.

ही काटकसर आवश्यकच होती. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी, आणि जगातील यंत्रे त्याहून अधिक. म्हणून पत्त्यांचे काही गट १९९६ साली निव्वळ घरगुती वापरासाठी निश्चित करण्यात आले. १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. आपल्या घरी १९२.१६८.१.५ आहे आणि शेजाऱ्याच्या घरीही तोच आहे, यात काही बिघडत नाही. ‘वरची खोली’ ही ज्याच्या त्याच्या घरात असतेच.

बिघडते केव्हा, तर एकाच घरात दोन मुनीम बसले म्हणजे. नव्या राउटरानेही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असाच धरला होता व तोही बिल्ले वाटू लागला. यंत्रांना जुना कोणता आणि नवा कोणता हे कळेना. नव्या मुनीमाकडून बाहेरगावी जाण्याची वाटच नव्हती, कारण इंटरनेटची तार जुन्याच्या हाती. उपाय अगदी सोपा होता. दुसऱ्या राउटराचे बिल्ले वाटणे, म्हणजे डी.एच.सी.पी., बंद करावयाचे, त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ असा काही मोकळा ठेवावयाचा, आणि मुख्य राउटराकडून येणारी तार त्याच्या ‘लॅन’ भोकात घालावयाची, निराळ्या रंगाच्या ‘वॅन’ भोकात नव्हे. एवढे केले म्हणजे तो मुनीम राहत नाही, निरोप्या होतो. पुष्कळ नव्या राउटरांत ‘ॲक्सेस पॉइंट’ नावाची सोयच असते. ती निवडली की ही सारी कामे यंत्र आपण होऊन करते.

हे आम्हांस उलगडून सांगितले ते पुतण्याने. तो हैद्राबादेस संगणकाच्या नोकरीत असतो आणि त्या दिवाळीस पंधरा दिवस घरी होता. वाडा फिरून पाहिल्यावर त्याने एकच प्रश्न केला, “काका, एका वाड्यात तीन जोडण्या कशाला?” याचे उत्तर त्याच्या जन्माआधीच्या कागदपत्रांत होते, आणि ते मी दिले नाही.

त्याची योजना अशी. जोडणी एकच ठेवावी, पण अधिक वेगाची. फायबरची तार पेढीत जेथे उतरते ती पेटी तेथेच राहू द्यावी. तेथून एक केबल जिन्याखाली आणावी. जिन्याखाली आठ भोकांचा एक ‘स्विच’ बसवावा, आणि त्यातून वखार, मागील घर व माडी अशा तीन ठिकाणी तीन केबली नेऊन प्रत्येक टोकास एकेक ॲक्सेस पॉइंट लावावा. स्विच म्हणजे फाटे फोडणारी पेटी. तिला डोके थोडकेच असते आणि म्हणून ती क्वचितच बिघडते.

केबल कशाला, सारे बिनतारीच का नव्हे, असा प्रश्न कोणासही पडेल. आमच्या भिंती जांभ्या दगडाच्या, हात-हात जाडीच्या. वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन जातींच्या येतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब. ती भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची लहर त्याच्या निम्म्या लांबीची. वेग उत्तम, पण जाड भिंतीपुढे हात टेकते. शिवाय पाणी या लहरी शोषून घेते, आणि धान्य कितीही वाळवले तरी त्यात ओल असतेच. वखारीत थप्प्यांमागे रेघ का उमटत नव्हती, याचा उलगडा मला तेव्हा झाला. पोलादी कपाटात किंवा तिजोरीमागे राउटर ठेवणाऱ्यांनी तर तक्रारच करू नये. तो घराच्या मध्यभागी, उंचावर आणि उघड्यावर असावा.

बाजारात ‘रिपीटर’ नावाचे स्वस्त यंत्र मिळते. ते भिंतीवरील प्लगात बसवले की झाले, असे दुकानदार सांगतो. ते ऐकते आणि पुन्हा बोलते, आणि बहुधा दोन्ही एकाच गळ्याने; त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. दोन खोल्यांच्या घरास ठीक. वाड्यास तार हवीच.

आता केबलविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे भेसळ आहे आणि भेसळ ओळखणे हा आपला धंदा आहे. केबलीत आठ तारा, दोन-दोनांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीस पीळ. हा पीळ शोभेसाठी नसून बाहेरील विजेचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखा पडून निष्फळ व्हावा यासाठी असतो. ‘कॅट ६’ जातीची केबल घ्यावी. एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत असावी. परंतु स्वस्त मालात तार तांब्याची नसून अॅल्युमिनियमची असते व वरून तांब्याचा नुसता मुलामा असतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. तार चाकूच्या धारेने खरवडावी. आत पांढरे दिसले तर माल परत करावा. आम्ही पहिले बंडल असेच परत केले. दुकानदार म्हणाला, “आजवर कोणी खरवडून पाहिले नव्हते.” मी म्हटले, आम्ही पोत्यात बंबी घातल्याशिवाय गहू घेत नाही.

तसेच केबल नळीतून न्यावी. आम्ही वखारीत प्रथम ती उघडी टाकली आणि दीड महिन्यात उंदरांनी कुरतडली. तार पूर्ण तुटली नव्हती. चारांपैकी एक जोडी गेली होती. १०० मेगाबिटच्या वेगास दोन जोड्या पुरतात, हजारास चारही लागतात. म्हणून जोडणी चालू राहिली, पण वेग दहा हिश्श्यांवरून एकावर उतरला, आणि कारण शोधण्यात दोन दिवस गेले.

वेगाच्या मापाबाबतही व्यापाऱ्याने सावध असावे. कंपनी सांगते ते मेगाबिट. संगणक फाइल उतरवताना बहुधा दाखवतो ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदास साडेबारा मेगाबाइटच येणार. ही फसवणूक नव्हे, माप निराळे. तक्रार करावयाची असल्यास संगणक केबलने थेट मुख्य राउटरास जोडून वेग मोजावा आणि मगच फोन करावा. माडीवर पलंगावर पडून मोबाइलवर मोजलेला वेग कोणी मान्य करीत नाही, आणि ते योग्यही आहे.

या योजनेत एक अडचण तंत्राची नव्हती. माडीवर जाणारी केबल चौकातील वाटणीच्या भिंतीतून न्यावी लागत होती. पुतण्या म्हणाला, मी पाडतो भोक. परंतु भिंत दोघांची. तिला विचारल्यावाचून खिळाही मारायचा नाही, असे तेव्हा ठरलेले. मी स्वतः माडीवर गेलो. पंचवीस वर्षांत कामासाठी त्या जिन्याने चढण्याची ती तिसरी-चौथी वेळ असेल. बंधूंनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, बिल कोणाच्या नावे? मी म्हटले, तुमच्या नावे असू द्या, निम्मे मी देईन. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अण्णा, नाव पेढीचेच असू द्या. भोक पाडा, मात्र पावसाआधी बुजवून घ्या.” भोक बोटभर आहे, आणि ते बुजवण्यास मीच उभा राहिलो.

नावाचा प्रश्न त्यांनी काढला तो योग्यच होता. जोडणीवरून काही गैरकृत्य झाले तर पहिली विचारणा ज्याच्या नावे जोडणी त्याच्याकडे होते. म्हणून पेढीवर येणाऱ्या दलालांना, गाडीवाल्यांना घरचा परवलीचा शब्द देऊ नये. राउटरात ‘गेस्ट’ म्हणून निराळे जाळे काढता येते. त्यावरील माणसास बाहेरचे इंटरनेट मिळते, आपला हिशेबाचा संगणक दिसत नाही. सुरक्षेची पद्धत ‘डब्ल्यू.पी.ए. ३’ किंवा निदान ‘डब्ल्यू.पी.ए. २’ निवडावी, ‘डब्ल्यू.ई.पी.’ नावाची जुनी पद्धत म्हणजे सुतळीने बांधलेले कुलूप. आणि राउटरच्या आत शिरण्याचा जो मूळचा शब्द कारखान्यातून येतो तो पहिल्याच दिवशी बदलावा. तो विसरणारे पुष्कळ. आम्हीही त्यांत होतो.

तिन्ही ठिकाणी जाळ्याचे नाव व परवलीचा शब्द एकच ठेवला आहे, त्यामुळे माडीवरून वखारीत येता मोबाइल आपण होऊन जवळचा आवाज धरतो. २.४ गिगाहर्ट्झवर वाहिन्या मात्र १, ६ व ११ अशा निरनिराळ्या दिल्या. एवढ्याच तीन एकमेकींच्या पायांत येत नाहीत. वीज गेली की फायबर चालू असूनही पेट्या मरतात, म्हणून फायबरची पेटी, राउटर व स्विच एका लहान बॅटरीवर घेतले. बॅटरीचे व्होल्ट पेटीवरील लेबलाशी जुळवून घ्यावेत. आमच्या पेट्या १२ व्होल्टच्या आहेत. सर्वांच्या तशा असतीलच असे नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढे काही वर्षांनी ते आमच्या पेढीवर आले तेव्हा टेलिफोनच्याच तारेवरून येई, आणि ते चालू असेतो भाव विचारणाऱ्या दलालांस फोन लागत नसे. वडील म्हणत, ते आधी बंद करा, धंदा करू द्या. आज ते बंद पडले की धंदा थांबतो.

पुतण्या हैद्राबादेस परतण्यापूर्वी मी त्याच्याकडून एक कागद लिहून घेतला. कोणती केबल कोठे जाते, स्विचचे कोणते भोक कोणाचे, कोणत्या पेटीचा पत्ता काय. केबलींच्या दोन्ही टोकांस चिठ्ठ्या बांधल्या : वखार, मागील घर, माडी. परवलीचे शब्द त्या कागदावर नाहीत. ते तिजोरीत आहेत. गेल्या ज्येष्ठात मेघगर्जनेनंतर माडीवरील जाळे गेले, तेव्हा घरात मी आणि बंधू दोघेच होतो. कागद काढला, पाचव्या भोकाचा दिवा विझलेला दिसला, केबल सहाव्यात घातली. दिवा लागला. पाचवे भोक जळाले आहे असे आम्ही कागदावर लिहून ठेवले.