चीर रंगाला की अंगाला?

मंडळी, वैशाखाच्या उन्हात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या काळ्या रानात उभे राहा आणि पायाखाली पाहा. जमीन भेगाळलेली दिसेल. कुठे बोट जाईल एवढी भेग, तर कुठे अख्खा हात जाईल एवढी. पावसात फुगायचे आणि उन्हात आकसायचे, हा ह्या कापसाच्या काळ्या मातीचा स्वभावच आहे. अशा जमिनीवर घर बांधले आणि पाया पुरेसा खोल नेला नाही, तर भिंतीलाही चिरा पडतात. घरधनी म्हणतो, "पोळ्याच्या आधी चुन्याचा एक हात मारून घेऊ, म्हणजे झालं." पण गवंडी जाणता असला तर चुन्याचा डबा उघडत नाही. तो आधी पाया पाहतो. जमीन खाली हलते आहे तोवर वर कितीही चुना फासला तरी पुढच्या उन्हाळ्यात ती चीर त्याच जागी डोकावणार, हे त्याला ठाऊक असते.

आज मी ज्या चिरांबद्दल सांगणार आहे त्या भिंतीवरच्या नाहीत. त्या आहेत फायबरग्लासच्या स्पोर्ट्स मोटारीच्या रंगावरच्या, केसासारख्या बारीक चिरा. आता तुम्ही म्हणाल, "अहो, दोन माणसांची ती बुटकी, वाऱ्यासारखी पळणारी गाडी आमच्या गावात कशाला येते?" खरे आहे. गाडी नसेल येत, पण ज्या जिनसाची ती बनते तो जिन्नस तुमच्या दारी केव्हाच आला आहे. उन्हाळ्यात ओसरीवर घरघरणाऱ्या कूलरची फायबरची पेटी पाहा. शाळेच्या पटांगणातली लाल-पिवळी घसरगुंडी पाहा. हे सारे एकाच कुळातले. मोटारीचा रंग गुळगुळीत आणि चकचकीत असतो म्हणून तिच्यावर चीर लवकर दिसते, एवढेच. मोटारीची चीर वाचायला शिकलात, की घसरगुंडीची चीरही वाचता येईल. गुरुजनहो, तुमच्यासाठी तर ते फारच अगत्याचे आहे. त्याचे कारण शेवटी सांगतो.

आधी थोडा इतिहास. मोटारीचे अंग पोलादी पत्र्याचेच हवे असे नाही, हे अमेरिकेत 1953 साली ठसठशीतपणे दिसले. त्या वर्षी 30 जूनला मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावी 'कॉर्व्हेट' नावाची स्पोर्ट्स मोटार कारखान्यातून बाहेर पडली. पहिल्या वर्षी अशा 300 गाड्या निघाल्या, सगळ्या पांढऱ्या आणि सगळ्यांचे अंग फायबरग्लासचे. आपल्या देशात 1982 साली बंगळूरच्या सिपानी कंपनीने 'डॉल्फिन' ही फायबरच्या अंगाची छोटी मोटार काढली. पुढे 1990 च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने 'स्टॉर्म' नावाची दोन आसनांची, उघड्या छताची गाडी काढली. तिचेही अंग फायबरचे होते. लहान कारखान्याला हा जिन्नस सोयीचा पडतो, कारण पत्रा दाबायची अवाढव्य यंत्रे लागत नाहीत. एक चांगला साचा आणि कसबी हात असले की पुरते.

हा जिन्नस बनतो कसा? तुमच्या आजोबांनी मातीच्या भिंती घातलेल्या तुम्हांला आठवत असतील. नुसत्या चिखलाची भिंत वाळली की तडकते. म्हणून गाऱ्यात कुटार घालून तो तुडवायचा. कुटाराची काडी चिखलाला धरून ठेवते आणि चिखल काडीला. फायबरग्लासमध्ये हेच घडते. कुटाराच्या जागी काचेचे केसाहून बारीक तंतू असतात, आणि चिखलाच्या जागी रेझिन, म्हणजे रसायनशाळेत तयार केलेली राळ. ह्या पातळ राळेत थेंब थेंब हार्डनर मिसळला की ती थोड्या वेळात दगडासारखी घट्ट होते. काच एकटी घेतली तर फुटते, राळ एकटी घेतली तर तडकते, पण दोघी मिळाल्या की दणकट अंग तयार होते.

आता ह्यातली मेख ऐका. साच्यात पहिला थर देतात तो नुसत्या रंगीत राळेचा. त्यात काचेचा एकही तंतू नसतो. त्याला 'जेलकोट' म्हणतात. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यामागे काचेच्या तंतूंची मॅट आणि राळ असे थर चढतात. वस्तू साच्यातून काढली की जेलकोट बाहेरच्या अंगाला येतो आणि गुळगुळीत दिसतो. मोटारीला त्यावर अस्तराचा आणि रंगाचा हात देतात. म्हणजे तीन थर झाले: वर रंग, मधे जेलकोट आणि खाली काचेचे खरे अंग. जेलकोट म्हणजे कुटार न घातलेले सारवण समजा. अंग लवले तर आतले काचेचे तंतू ते सोसतात. जेलकोटला ते सोसवत नाही, म्हणून तो तडकतो, आणि त्याची चीर वरच्या रंगातून बाहेर दिसू लागते.

म्हणून चीर दिसली की पहिला प्रश्न रंग कोणता आणायचा हा नव्हे. ही चीर रंगाला आहे, जेलकोटला आहे की अंगाला, हा पहिला प्रश्न.

ते ओळखावे कसे? चिरेचा आकारच पुष्कळ सांगून जातो. आटलेल्या तळ्यातल्या गाळासारख्या चौकोनी, उथळ भेगा सगळीकडे पसरल्या असतील तर बहुधा दोष रंगाचा असतो. जुन्या रंगावर नवा, त्यावर आणखी नवा, असे जाड थर चढले किंवा खालचा हात वाळण्याआधी वरचा मारला की असे होते. एका बिंदूपासून चांदणीसारख्या चिरा फुटल्या असतील तर तिथे मार बसला आहे असे समजा. पुष्कळदा हा मार आतल्या बाजूने बसलेला असतो. चाकाने उडवलेला खडा मडगार्डला आतून लागला तरी चांदणी उमटते बाहेर. बिजागरीजवळ, बोल्टाच्या भोवती किंवा कोपऱ्यात लांब समांतर चिरा असतील तर तिथे अंग सारखे लवते आहे किंवा बोल्ट फाजील आवळला आहे.

नुसत्या आकारावर मात्र विसंबू नका. जागा साबणाने धुऊन कोरडी करा. बोटाने दाबून पाहा, आजूबाजूपेक्षा मऊ लागते का? रुपयाच्या नाण्याने हळूच टकटक करा. धड जागी टणक आवाज येतो. थर सुटले असतील तिथे फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. जमेल तर आतल्या बाजूने पाहा. तिथे पांढरी रेघ किंवा पांढुरका डाग दिसला तर मार आतल्या काचेपर्यंत पोचला आहे. मग चिरेवर बोटभर जागेत बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा. रंग निघाल्याबरोबर चीर नाहीशी झाली तर ती रंगाचीच होती. रंग गेला आणि चीर उरली, तर त्या जागी काळ्या शाईचे बोट फिरवून पुसून घ्या. शाई चिरेत बसते आणि ती कुठून कुठवर गेली आहे ते स्पष्ट दिसते.

आपल्याकडच्या उन्हाचाही ह्यात हात आहे. मे महिन्यात यवतमाळात पारा 42-43 च्या पुढे जातो, आणि गडद रंगाची गाडी उन्हात उभी असली तर तिचे अंग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. पोलादाच्या मानाने काचमॅटचे फायबर उष्णतेने दुपटीहून अधिक वाढते. एक मीटर लांबीचा तुकडा 40 अंशांनी तापला तर पोलाद साधारण अर्धा मिलिमीटर वाढेल, आणि फायबर मिलिमीटरभर किंवा त्याहून थोडे अधिक. ते पोलादी चौकटीला घट्ट आवळलेले असेल तर ह्या वाढीला जागा कुठे? मग ताण बोल्टाच्या भोकाशी साचतो आणि तिथला जेलकोट तडकतो.

आता उपाय. चीर नुसत्या रंगाची असेल तर ती संपेपर्यंत रंग घासून काढा, अस्तर द्या आणि पातळ हातांनी रंगवा. इथे दोन गोष्टी टाळा. पत्र्यावरचा रंग काढायचे जहाल औषध फायबरवर ओतू नका, ते राळेतही शिरते. आणि पत्र्याच्या पेंटरच्या सवयीने गॅसची ज्योत लावू नका. पत्रा ज्योत सोसतो, राळ जळते.

चीर जेलकोटची असेल तर तिच्यावर नुसती लांबी दाबून चालणार नाही. केसाएवढ्या फटीत लांबी शिरतच नाही, वर बसून राहते आणि काही महिन्यांनी चीर पुन्हा उघडते. म्हणून चीर आधी मोठी करावी लागते. ऐकायला उलटे वाटते, पण काट्याचे टोक काढायला कातडी थोडी उकरावी लागते तसेच हे. टोकदार हत्याराने चिरेच्या बाजूने इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच करा, धूळ झाडा, ॲसिटोनने पुसा आणि हार्डनर मिसळलेला जेलकोट भरा. हवा लागली तर त्याचा पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून वर पॉलिथिनचा कागद चिकटवून ठेवा. घट्ट झाला की घासून सपाट करा आणि मग रंगवा. चिरांचे जाळे हातभर पसरले असेल तर एकेक चीर भरत बसू नका. तिथला जेलकोट घासून काढा, त्यावर काचेचे पातळ कापड इपॉक्सी राळेत भिजवून बसवा, आणि वर अस्तर व रंग द्या. इपॉक्सी जुन्या फायबरला चांगली धरते.

चीर अंगालाच असेल तर काम आतल्या बाजूने व्हायला हवे. तुटलेल्या जागेभोवती जाडीच्या बारा पट रुंदीपर्यंत उतार घासायचा, म्हणजे 3 मिलिमीटर जाडीला 36 मिलिमीटर, आणि त्यावर काचमॅटचे तुकडे राळेत भिजवून एकावर एक चढवायचे. पण गाडीचे आसन, आसनपट्टा किंवा चाकाचा आधार जिथे जोडलेला आहे तिथली चीर घरी दुरुस्त करू नका. ते काम जाणकाराचेच.

ह्या सगळ्याआधी मात्र कारण दूर करा. बोल्ट थोडा सैल करा, त्याखाली मोठा वायसर आणि रबराची चकती घाला, लवणाऱ्या भागाला आतून आधार द्या. हे न करता रंगवणे म्हणजे पाया न पाहता चुना मारणे.

आता जिवाशी गाठ असलेल्या चार गोष्टी. पहिली: हार्डनर साधारणपणे 100 ग्रॅम राळेला 1 ते 2 ग्रॅम लागतो, पण नेमके माप डब्यावर वाचा. उन्हाळ्यात राळ फार लवकर घट्ट होते, म्हणून सकाळच्या गारव्यात, सावलीत आणि थोडी थोडीच कालवा. मोठा गोळा कालवला तर तो आपल्याच उष्णतेने तापून धुमसू लागतो. दुसरी: राळेबरोबर कोबाल्टचे प्रवेगक वेगळ्या बाटलीत आले असेल, तर ते आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होतो. तिसरी: हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावा. तरीही गेलाच, तर त्याच क्षणी स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवा आणि दवाखाना गाठा. चौथी: काचेची धूळ छातीत जाऊ देऊ नका. तोंडावर नुसता रुमाल पुरत नाही, चांगला मास्क हवा. शक्य तिथे पाणी लावून घासा. ॲसिटोन पेट घेते, म्हणून जवळ विडी नको आणि चूलही नको.

आणि आता गुरुजनहो, तुमच्याकडे येतो. मोटारीची चीर चुकीची वाचली तर फार तर रंगाचे पैसे वाया जातात. घसरगुंडीची चीर चुकीची वाचली तर मूल जखमी होते. तिच्या काठाशी अंग फुटले की काचेच्या सुया बाहेर येतात आणि लेकराच्या मांडीत शिरतात. पायऱ्यांच्या बोल्टाशी अंग फुटले तर चढते मूल खाली येते. पंधरा ऑगस्टच्या आधी घाईने ऑइल पेंटचा हात मारला की घसरगुंडी नवी दिसते, आणि धोका तेवढा झाकला जातो. तेव्हा उद्या मधल्या सुट्टीआधी नाणे घेऊन पटांगणात जा. सोबत सातवी-आठवीची चार मुले घ्या. काठ पाहा, बोल्ट पाहा, टकटक ऐका. बद्द आवाज आला किंवा काचेचे तंतू दिसले तर घसरगुंडीला त्याच दिवशी दोर बांधा आणि ती दुरुस्त होईपर्यंत सोडू नका. मुले थोडी रुसतील, रुसू द्या. टणक आवाज आणि फुटका आवाज ह्यांतला फरक त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला असेल, आणि तो धडा त्यांना पुस्तकात मिळायचा नाही.