प्रायमरीत मत कोणाला? आम्ही काय सांगितले आणि का



२०१८ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यातून पुतण्याचा फोन आला. "काका, इथं गव्हर्नरच्या निवडणुकीत आपला बेळगावचा माणूस उभा आहे. मंडळातले सगळे म्हणतात, मत त्यालाच द्या. तुम्ही काय म्हणता?" ठाणाकुशनूरला बसून आम्ही काय सांगणार? पण विषय आपल्या घरातलाच होता. तेव्हा जे सांगितले ते येथे मांडतो, कारण हाच प्रश्न आपल्यालाही दर निवडणुकीत पडतो.

आधी प्रायमरी म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे पक्षाचे तिकीट बेंगळुरू नाहीतर दिल्लीत ठरते. आपल्या औराद राखीव मतदारसंघात कोण उभा राहणार, हे आपल्याला पेपरात वाचून कळते. मिशिगनमध्ये पक्षाचा उमेदवार मतदारच निवडतात. तिथे मतदाराला पक्षाचे सभासद व्हावे लागत नाही. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात, पण मत एकाच पक्षाच्या रकान्यात द्यायचे. दोन्हीकडे खुणा केल्या तर ते मत बाद. प्रायमरी ऑगस्टमध्ये होते आणि खरी लढत नोव्हेंबरमध्ये.

७ ऑगस्ट २०१८ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिघे होते. ग्रेचेन व्हिटमर या राज्याच्या दोन्ही सभागृहांत मिळून चौदा वर्षे काम केलेल्या, सिनेटमध्ये विरोधी पक्षनेत्या राहिलेल्या. रस्ते दुरुस्ती हा त्यांचा मुख्य मुद्दा. अब्दुल अल-सय्यद हे डॉक्टर, डेट्रॉईट शहराच्या आरोग्य खात्याचे माजी प्रमुख. तिसरे श्री ठाणेदार, बेळगावात वाढलेले, १९७९ साली अमेरिकेला गेलेले, रसायनशास्त्रात पीएचडी. त्यांनी मराठीत आत्मचरित्रही लिहिले आहे. २०१० मध्ये त्यांचा एक उद्योग बँकेच्या ताब्यात गेला, तरी अॅन आर्बरला नवी प्रयोगशाळा काढून ते पुन्हा उभे राहिले. ही निवडणूक ते बहुतांशी स्वतःच्या पैशाने लढले.

आडनावातच ठाणे! आमच्या ठाणाकुशनूरकरांना अभिमान वाटणारच. तो आम्हालाही वाटला, अजूनही वाटतो.

पण आमची उभी हयात बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. अर्जदार ओळखीचा असला तर त्याला चहा पाजावा, कर्ज मात्र पहाणीपत्रक आणि मागचे हप्ते पाहूनच मंजूर करावे, असा आमचा नियम होता. पुतण्याला तीन गोष्टी पाहायला सांगितल्या. जे काम मागतो आहे, तसले काम याने आधी केले आहे का? आश्वासनांचा खर्च कुठून भागवणार, हे सांगतो का? नोव्हेंबरात दुसऱ्या पक्षाला हरवू शकेल का? ठाणेदारांनी धंदा करून दाखवला होता, पण सरकारी कामाचा अनुभव त्यांच्या खात्यात तेव्हा जमा नव्हता. आमचा कौल व्हिटमर यांना होता. पुतण्यानेही तेच केले, आणि मंडळात त्याला बरेच ऐकून घ्यावे लागले.

व्हिटमर यांना सुमारे ५२ टक्के मते मिळाली, अल-सय्यद यांना ३० आणि ठाणेदारांना १८ च्या आसपास. तरी दोन लाखांवर लोकांनी त्यांना मत दिले, हे लहान नाही. नोव्हेंबरात व्हिटमर गव्हर्नर झाल्या.

ठाणेदार मात्र थांबले नाहीत. २०२० मध्ये डेट्रॉईटमधून ते राज्याच्या सभागृहात निवडून आले. २०२२ मध्ये नऊ उमेदवारांच्या प्रायमरीत सुमारे २८ टक्के मतांवर पहिले आले आणि पुढे अमेरिकेच्या संसदेत पोहोचले. त्या वेळी पुतण्याने विचारले तेव्हा आमचे उत्तर वेगळे होते, कारण आता दाखवायला काम होते. माणूस तोच, पण खात्यावर जमा झाली होती.

त्या २८ टक्क्यांतही धडा आहे. मते वाटली गेली की थोड्या मतांवर निकाल लागतो. २०१८ मध्येच बेळगाव भागात एकीकरण समितीत दोन गट पडले आणि विधानसभेत समितीचा एकही आमदार गेला नाही.

काही सभासद म्हणतील, आपल्या माणसाला आपण नाही तर कोण मत देणार? प्रश्न रास्त आहे. पण या सीमाभागात आपण मराठी बोलणारे थोडे. गावचा कन्नड बोलणारा शेजारी आपली भाषा न पाहता काम पाहून मत देईल, तरच आपला माणूस येथे निवडून येईल. त्याच्याकडून जी अपेक्षा ठेवतो, ती आधी आपण पाळायला नको का?

ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्ह नसते. तिथे उमेदवार कोण, हे पारावरच ठरते. आपली प्रायमरी तीच. पुढच्या वेळी तिथे नाव सुचवण्याआधी हे तीन प्रश्न घरात, मुलांसमोर विचारावेत, एवढीच विनंती.