छत नसलेलं नाट्यगृह

जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जळगावात दोन गोष्टी हमखास असतात. मळ्यामळ्यांतून वांगी भाजण्याचा धूर आणि बालगंधर्व संगीत महोत्सव. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी दुपारी शेतात खायची, घरी येऊन हातपाय धुवायचे आणि शाल घेऊन गाण्याला जाऊन बसायचं. कितीतरी घरांत हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. बाहेरगावच्या पाहुण्याला मी हे सांगतो तेव्हा तो भरताबद्दल लगेच विचारतो, गाण्याबद्दल मात्र जरा चकित होतो. जळगाव म्हणजे केळी, कापूस आणि सोन्याची बाजारपेठ. तिथे बालगंधर्व कसे?

ते इथे होते, हेच उत्तर. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा 26 जून 1888 रोजी जन्मला तो सांगली भागात, पण गाण्याचे पहिले धडे त्याने घेतले ते जळगावात, मेहबूबखाँ यांच्याकडे. नातेवाइकांकडे राहून शिकणारं पोर, कानावर पडेल ते उचलणारं. पुढे पुण्यात त्याचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी ‘बालगंधर्व’ म्हटलं, ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. पण टिळकांच्या कानी तो गळा पडला त्याआधी त्याला सूर धरायला कुणीतरी बसवलं होतं आणि ते बसवणं आमच्या गावात झालं. मेहबूबखाँचं नाव गावातल्या किती जणांना माहीत आहे, याची मला नेहमी काळजी वाटते. शिष्याच्या नावाचं नाट्यगृह आहे, महोत्सव आहे. गुरूच्या नावाने निदान एखादी सकाळची मैफल तरी व्हावी.

या गावाची आणखी एक गंमत पाहा. 1907 साली जळगावात कविसंमेलन भरलं. धरणगावात जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सतरा वर्षांचाही न झालेला मुलगा तिथे कविता म्हणायला उभा राहिला. अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली आणि ती त्याच्या नावालाच चिकटली. दोघांच्या जन्मात जेमतेम दोन वर्षांचं अंतर. एकाचा गळा इथे घडला, दुसऱ्याला नाव इथे मिळालं आणि दोघांच्याही मागे ‘बाल’ कायमचं लागलं. बालकवी 1918 साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले. बालगंधर्व एकोणऐंशी वर्षं जगले. लहान पोराच्या अंगातली चीज ओळखायला ऐकणाऱ्याचा कान तयार असावा लागतो आणि तो कान या प्रदेशात होता, असं मी छातीवर हात ठेवून म्हणेन.

बालगंधर्व इथे शिकले तेव्हा हा सगळा एकच खान्देश होता. 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. जळगाव पूर्वेचं ठाणं झालं, धुळे पश्चिमेचं. आजचे जिल्हे त्यातूनच आले. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग जळगावावरून गेलेला, चाळीसगावाहून धुळ्याला 1900 साली फाटा निघालेला, सुरतेकडची तापी खोऱ्यातली लाईनही त्याच सुमारास आलेली. नाटक मंडळी म्हणजे पडदे, ट्रंका, पेट्या, आचारी, नट, वादक असा मोठा लवाजमा. रेल्वे जिथे जाईल तिथे तो जाणार. त्यात कापसाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत माणसाच्या हातात पैसा खुळखुळतो. ‘खान्देश-वऱ्हाडचा दौरा’ हे शब्द जुन्या नटांच्या बोलण्यात वारंवार येतात ते उगाच नाही.

पण मंडळी येतात ती पैशाला आणि टिकतात ती ऐकणाऱ्यांमुळे. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत अठरा रविवार विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केलं आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या जे म्हणत ते मुलगा सोपानदेव आणि एक नातलग टिपून ठेवत. खान्देशच्या या दोन मोठ्या ठेवी कुणीतरी नीट ऐकलं म्हणून वाचल्या आहेत. बालगंधर्वांचं नाव घेणाऱ्या गावाकडे मी त्याच रांगेत बघतो.

जळगावचं बालगंधर्व नाट्यगृह खुलं आहे. रंगमंच आहे, समोर बसायला जागा आहे, वर आकाश. ज्यांनी पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर पाहिलं आहे त्यांना हे ऐकून जरा कमीपणा वाटतो. पुण्याचं रंगमंदिर 26 जून 1968 रोजी उघडलं, बालगंधर्व गेल्यानंतर वर्षाच्या आत, त्यांच्याच जयंतीला. दिमाखदार वास्तू. पण आमच्या उघड्या रंगमंचात मला कधी उणं वाटलं नाही. उन्हाळ्यात दिवसा पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या गावात रात्रीचं मोकळं आकाश हीच खरी चैन असते.

मी आठवीत असताना वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून तिथे नाट्यसंगीताला घेऊन गेले. हिवाळ्याचे दिवस होते. आम्ही खूप मागे बसलो होतो. मला रंगमंचावरच्या गायकापेक्षा बाजूला ठेवलेल्या ऑर्गनचं कौतुक होतं. घरी पेटी होती, पण हे भलंमोठं लाकडी कपाट मी पहिल्यांदाच पाहत होतो. मध्यंतरात वडील मला पुढे घेऊन गेले. वाजवणाऱ्या आजोबांनी पाय दाखवले. चपला काढून ठेवलेल्या, दोन्ही पाय खालच्या दोन पट्ट्यांवर आणि ते आळीपाळीने दाबले जात होते, चालत असल्यासारखे. पेटीत एक हात भात्याला अडकतो. इथे भाता पायांनी चालतो, म्हणून दोन्ही हात मोकळे. पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, ऑर्गनचा आत ओढतो आणि स्वरपट्ट्यांवरून ओढली गेलेली ती हवा जास्त गोल, भरलेला आवाज देते. त्यांनी मला एक पट्टी दाबायला सांगितली. मी दाबली. काहीच वाजलं नाही. ते म्हणाले, “बाळा, पाय थांबलेत ना माझे.” मग त्यांनी पाय हलवले आणि माझ्या बोटाखालून सूर निघाला.

मध्यंतरानंतर अर्ध्या तासात लाईट गेली. सगळीकडे काळोख. माईक बंद. पदाची मधली ओळ चालू होती. पुढच्या रांगेतली माणसं उठायला लागली. पण ऑर्गन थांबला नाही, त्याला विजेची गरजच नव्हती. तबलाही चालू राहिला. गायकाने क्षणभर श्वास घेतला आणि तीच ओळ पुन्हा उचलली, या वेळी मोकळ्या गळ्याने. आवाज आधीपेक्षा लहान झाला होता. मग हळूहळू लोकांची कुजबुज थांबली, खोकणं थांबलं, शेंगदाण्याच्या पुड्या वाजायच्या थांबल्या आणि तो लहान आवाज आमच्यापर्यंत, शेवटच्या रांगेपर्यंत आला. वडिलांनी माझा हात घट्ट धरला होता. काही वेळाने दिवे परत आले तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “राहू द्या हो, बंदच राहू द्या!”

बालगंधर्वांची सगळी उमेदीची वर्षं अशीच, माईकशिवाय गेली होती, हे मला खूप नंतर कळलं. 1905 मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि शकुंतला झाले. 12 मार्च 1911 रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली आणि तरीही भामिनी उभी राहिली. 1913 मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 चं ‘स्वयंवर’, 1919 चं ‘एकच प्याला’. त्या रुक्मिणीला आणि सिंधूला ध्वनिक्षेपक नव्हता. गुरू भास्करबुवा बखले यांनी तयार केलेला गळा आणि साथीला अहमदजान थिरकवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी, हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन. साथीदारांवर, शालूंवर, अत्तरांवर मंडळीने पाण्यासारखा पैसा खर्च केला आणि कर्जही केलं. पण सूर शेवटच्या माणसापर्यंत पोचवायला साधन एकच होतं, ऐकणाऱ्यांची शांतता. म्हणून मी प्रेक्षकाला नाट्यगृहाचा भाग मानतो, पडद्याइतकाच.

8 जुलै 1921 रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन राजे एका रंगमंचावर आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. तीनच महिन्यांत केशवराव गेले. कोल्हापूरचं जे थिएटर पुढे त्यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं ते शाहू महाराजांनी बांधलेलं आणि 1915 मध्ये सुरू झालेलं. त्याने शंभरी पार केली आणि 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत गेलं. त्या रात्री फोनवर ज्वाळा पाहताना मला आमचा बिनछताचा रंगमंच आठवत होता. कोल्हापूरची माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. इमारतीसाठी माणसं अशी रडतात तेव्हा समजतं की तिथे पिढ्यान् पिढ्या ऐकलेलं काहीतरी साठलेलं असतं.

आमचा महोत्सव स्व. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान भरवतं. वीस वर्षांहून अधिक झाली. देशभरातले कलावंत येतात, कंठसंगीत, वाद्य, नृत्य सगळं असतं आणि तीन रात्री गाव जागं राहतं. एखादा महोत्सव दणक्यात सुरू करणं सोपं असतं, विसाव्या वर्षी त्याच निष्ठेने उभा करणं अवघड. हे ज्यांनी केलं त्यांचे आम्हा ऐकणाऱ्यांवर उपकार आहेत. आता तो छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात होतो. बंदिस्त सभागृह, चांगली ध्वनिव्यवस्था, थंडीवाऱ्याचा त्रास नाही. म्हाताऱ्या माणसांना याचं किती सुख आहे ते मी माझ्या आईकडे पाहून सांगू शकतो. तिथे पहिल्या रात्री दिवे मंद होतात, तानपुरा लागतो आणि मागच्या रांगेतला कुणीतरी अजूनही हळूच ‘वा’ म्हणतो, तेव्हा मला आठवीतली ती रात्र आठवते. म्हणून महोत्सव तिथून हलवा असं मी म्हणणार नाही.

माझं मागणं एका रात्रीचं आहे. तीन रात्रींना जोडून एक चौथी, बालगंधर्वांच्या नावाच्या उघड्या रंगमंचावर. 26 जून चालणार नाही, तेव्हा पावसाचा नेम नसतो. जानेवारीच बरा. ध्वनिक्षेपक नको. एक गायक किंवा गायिका, ऑर्गन, सारंगी, तबला. 1880 साली किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात आलं तेव्हापासून संगीत नाटकाची सुरुवात जशी होते तशी नांदीने सुरुवात. ऑर्गन वाजवणारा शोधावा लागेल, ते हात आता थोडे उरले आहेत. पण मुलांना रंगमंचावर बोलावून ती पायाखालची पट्टी दाबायला द्यावी. मेहबूबखाँचं नाव सुरुवातीलाच, गणपतीच्या आधी नाही तरी लगेच नंतर, घेतलं जावं. लोकांना फक्त एवढं सांगून ठेवावं की शाल घरून आणा आणि शेंगदाणे मध्यंतरात खा.