चुलीचा खर्च आधी लिहा

सूर्यमाळच्या पाड्यांवर घरकुल पूर्ण झालं, की त्याच्या मागच्या भिंतीला टेकून एक पडवी उभी राहते. कारवीचा कूड, वर जुने पत्रे नाहीतर कौलं, आत मातीची चूल. पुढे सिमेंटचं घर आणि मागे स्वयंपाक. खोडाळ्याहून वर चढत गेलं, की ही जोडी बऱ्याच घरांत दिसते. या लोकांना पक्क्या घरात राहायची सवय नाही, असं बाहेरचा माणूस म्हणतो. मला ते पटत नाही. पडवी बांधणाऱ्यांनी हिशेब नीट केलेला असतो, फक्त तो घरकुल बांधून झाल्यावर केलेला असतो.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात, अवघड भागांसाठी १ लाख ३० हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं हवं आणि त्यातच स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. कागदावर स्वयंपाकघर आहेच. पण पैसे हप्त्याहप्त्याने येतात, काम जोत्यापासून वर चढत जातं आणि हप्ता पुढच्या टप्प्याच्या कामावर अवलंबून असतो. त्यामुळे जोतं, भिंती, छप्पर यांत पैसा संपतो. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात खिडकी लहान राहते, धुराला वाट ठेवायची राहून जाते. कौलारू घरात धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा. स्लॅबखाली तो कोंडतो, डोळ्यांत आणि छातीत उतरतो. मग चूल बाहेर येते.

अशाच एका पडवीच्या दुरुस्तीचा हिशेब मांडताना मी त्या घरात बसलो होतो. आठ बाय दहाची पडवी. एक लांब बाजू घराच्या भिंतीची, म्हणजे उरलेल्या तीन बाजू मिळून २६ फूट. उंची आठ फूट धरली, तर दार-खिडकी वजा जाता साधारण १८० चौरस फूट भिंत. साडेचार इंची भिंतीला चौरस फुटाला पाचेक विटा, म्हणजे ९००. घाटातून येताना फुटतात त्या धरून हजार. घरच्या दादांनी हा आकडा माझ्याआधी काढला. या भागातली माणसं दिवाळीनंतर भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. तिथे मजुरीच हजार विटांवर ठरते. एक हजार वीट म्हणजे किती अंगमेहनत, हे त्यांना कुणी सांगायला नको.

वहीत वीट, सिमेंट, रेती, पत्रा, गवंडी अशा ओळी होत्या. वाहतुकीची ओळ नव्हती. इथे ती स्वतंत्र लिहावीच लागते. रेती ब्रासने मिळते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एवढ्या पडवीला ब्रासही लागत नाही, पण गाडी वर यायचं भाडं अर्ध्या मालाला अर्धं होत नाही. शेजारच्या दोन घरांनी एकत्र माल मागवला, तर भाडं वाटून जातं. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट आहे. तरी डोंगरावरच्या गोणीची किंमत तिथवर आणायच्या भाड्याने वाढतेच.

दुसरी राहिलेली ओळ पाण्याची. ५० किलोच्या एका गोणीला नुसतं कालवायलाच पंचवीसेक लिटर पाणी लागतं. त्यानंतर बांधकामावर निदान सात दिवस, मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस, पाणी मारायला हवं. पावसाळ्यात धो धो पाऊस पडणाऱ्या या तालुक्यात उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात आणि बायका हंडे घेऊन लांब चालतात. भट्टीवरून पैसे घेऊन माणसं परततात, तीही उन्हाळ्यातच. हातात पैसा असतो तेव्हा पाणी नसतं. विहिरीला पाणी असतं तेव्हा घरातला पुरुष भट्टीवर असतो. भिंतीवर मारायचं पाणीही बाईच्याच डोक्यावरून येतं. ही मजुरी कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून ती तिथे लिहावी असं मी त्यांना सांगितलं.

हिशेब चालू असताना वहिनी भाकरी थापत होत्या. उभा ओटा आणि वर कडप्पा घालू, असं दादा म्हणाले तेव्हा त्या म्हणाल्या, "उभ्यानं नागलीची भाकर कोण थापणार? ओट्याचं पैसं मोरीला घाला." धूर पार जाऊ नये, असंही त्यांचं म्हणणं होतं. चुलीवरच्या माळ्यावर पुढच्या वर्षीचं नागली-वरईचं बियाणं होतं. धुराने त्याला कीड लागत नाही, बांबू-वासेही टिकतात. धूर पूर्ण बंद करायचा, तर बियाण्यासाठी झाकणाची कोठी घ्यावी लागेल. म्हणजे खर्चाची आणखी एक ओळ.

या बोलण्यातून जो आराखडा निघाला, तो मला शहरातल्या कुठल्याही मॉड्युलर किचनपेक्षा शहाणा वाटतो. खाली तीन फूट विटा, वर कारवीचा कूड. दाराची जागा सोडून सत्तरेक चौरस फूट वीटकाम, म्हणजे साडेतीनशे विटा, फुटीसह चारशे. पावसाचे शिंतोडे आणि वाळवी यांचा त्रास खालच्याच भागाला असतो, तो पक्का झाला. वरच्या कुडातून हवा खेळते. कूड दरवर्षी शेणामातीने लिंपावा लागतो, पण ते काम घरचं. वाचलेल्या सहाशे विटांच्या पैशांत सांडपाण्याच्या उताराची मोरी, हंडे ठेवायचा कट्टा आणि धुराचा पाइप बसतो.

पाइपाबद्दल थोडं अधिक. केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली सुरू केला, पुढे गावोगाव निर्धूर चुली बसल्या. त्यातल्या कितीतरी नंतर पाइपावाचून उरल्या. पाइप काजळीने भरतो, जिथे पत्र्यातून बाहेर पडतो तिथे पावसाचं पाणी गळतं, एखाद्या वादळात मोडतो. नव्या पाइपाचे पैसे कुणी बाजूला ठेवलेले नसतात. म्हणून पाइपाची किंमत एकदा न लिहिता दोनदा लिहावी.

गॅस आहे, उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली. २०२५-२६ साठी १४.२ किलोच्या सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान, नऊ सिलिंडरपर्यंत. पण आधी पूर्ण किंमत मोजावी लागते, अनुदान नंतर खात्यात येतं. रोजंदारीवरच्या घरात एवढी रक्कम एकदम निघत नाही. त्यामुळे चहा आणि घाईचा भात गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, हेच बरीच वर्षं चालणार. स्वयंपाकघर या दोन्ही शेगड्यांना धरून बांधायला हवं.

घरकुलासोबत रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते. २०२५-२६ च्या ३१२ रुपयांच्या दराने ती २८,०८० रुपये होते. ज्यांचं घरकुल आता मंजूर होत आहे, त्यांना माझी विनंती आहे. ही रक्कम भिंतीत मिसळू देऊ नका, तिच्यातला एक हिस्सा पहिल्याच दिवशी स्वयंपाकाच्या नावाने लिहून ठेवा. ग्रामपंचायतीच्या आणि पंचायत समितीच्या अभियंत्यांनीही जोत्याची आखणी करताना चुलीची जागा आणि धुराची वाट घरातल्या बाईला विचारूनच ठरवावी.