घंटा, अपवाद आणि अग्निबाण

ग्रंथालयातील लेखनिक नोंदवहीत ग्रंथांची नोंद करीत बसला आहे, अशी कल्पना करा. इतक्यात दारावरची घंटा वाजते. तो चालू ओळीवर खूण ठेवतो, आगंतुकाचे काम उरकतो आणि त्याच ओळीपासून पुन्हा लिहू लागतो. थोड्या वेळाने निराळीच अडचण येते : रकाना चार अंकांचा, आणि ग्रंथाचा क्रमांक मात्र पाच अंकी! पहिला अडथळा बाहेरून आला. दुसरा कामातूनच उद्भवला. संगणकाच्या बाबतीत पहिल्यास व्यत्यय-संकेत व दुसऱ्यास अपवाद असे म्हणतात.

संगणकासाठी आज्ञावली ज्या भाषांत लिहितात, त्यांपैकी अनेकींत या दोहोंची तरतूद असते. ती कसोटीस उतरते किंवा नाही हे पाहावयाचे, तर अडथळा बुद्ध्याच निर्माण करावा लागतो. काम ऐन मध्यावर आले असता संकेत धाडून, ते त्याच ठिकाणाहून पुढे चालते काय, हे पाहतात. शून्याने भागावयास लावून, अपवादाची वार्ता योग्य त्या विभागास पोहोचते काय, हे तपासतात.

ही परीक्षा अपुरी राहिल्यास काय घडते? ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून युरोपचा ‘एरियान-५’ हा अग्निबाण प्रथमच उडाला. त्याची दिशा व गती मोजणाऱ्या यंत्रणेची आज्ञावली ‘एडा’ या भाषेत होती, आणि ती बहुतांशी ‘एरियान-४’चीच होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग मात्र पुष्कळच अधिक होता. त्याच्याशी निगडित एक संख्या सोळा द्विमान अंकांच्या रकान्यात बसवावयाची होती. या रकान्याची कमाल मर्यादा ३२,७६७. संख्या मर्यादेबाहेर गेली. अपवाद उद्भवला व तो कळलाही. परंतु अपवाद घडताच संगणक बंद करावा, अशीच योजना होती! राखीव संगणकात तीच आज्ञावली असल्याने तो क्षणार्धापूर्वीच बंद पडला होता. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण मार्गभ्रष्ट होऊन फुटला. त्यावरील चार उपग्रहही नष्ट झाले.

गणितज्ञ जाक-लुई लियाँस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळास असे आढळले की, नव्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन या यंत्रणेची परीक्षा घेतलीच गेली नव्हती. शिवाय, ज्या गणिताने घात केला, त्याचे ‘एरियान-५’ने जमीन सोडल्यावर काही प्रयोजनही नव्हते.

अपवाद ओळखणे हे भाषेचे काम होय. पुढे काय करावयाचे, हे मनुष्यानेच ठरवावयाचे असते. म्हणूनच रकान्यात न मावणारा क्रमांक परीक्षकाने, उड्डाणापूर्वीच, लेखनिकापुढे ठेवून पाहिला पाहिजे.