मोहाचा गंध, आंबेमोहराचा घमघमाट

डोळे मिटता येतात, कानांत बोटे घालता येतात. पण नाक दाबून माणूस किती वेळ बसणार? श्वासागणिक वास आत येतच राहतो. तरीही पंचेंद्रियांत उपेक्षित कोण, तर नाकच! रंगांना आपण तांबडा, पिवळा, निळा अशी नावे दिली. वासाची पाळी आली की मात्र ‘मोगऱ्याचा’, ‘केवड्याचा’ असे म्हणत वस्तूचेच नाव घेतो. घमघमाट, दरवळ, खमंग, कुबट हे शब्द आहेत खरे, पण त्यांवरून वासाची जात कळते, ओळख पटत नाही.

ही ओळख नाकाला कशी पटते, याचा उलगडा फार उशिरा झाला. १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी गंध टिपणाऱ्या ग्राहींची जनुके शोधली. २००४ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या नाकात अशा ग्राहींचे सुमारे चारशे प्रकार असतात. एकच रेणू अनेक ग्राहींना कमी-अधिक चाळवतो आणि त्या सगळ्यांच्या मेळातून मेंदू वास ओळखतो. पेटीच्या मोजक्या पट्ट्यांतून असंख्य सुरावटी निघाव्यात, तसेच हे.

अत्तर करणाऱ्याचे कसबही या मेळाचेच. कनोजच्या पारंपरिक पद्धतीत फुले आणि पाणी तांब्याच्या डेगेत तापवतात आणि वाफ नळीतून भपक्यात उतरवतात. भपक्यातले चंदनाचे तेल तो वास धरून ठेवते. फुलांचा वास चंचल, झटकन उडणारा. चंदन, वाळा यांचे रेणू जड, रेंगाळणारे. उडणाऱ्याला थोपवायला रेंगाळणारा लागतो. शिवाय प्रमाण चुकले तर सगळेच बिघडते. मोगऱ्यात इंडोल नावाचे द्रव्य असते. थोडे असले तर ते फुलाला भरदारपणा देते. तेच दाट झाले तर डांबराच्या गोळ्यांची, किंबहुना विष्ठेची आठवण करून देते! पहिल्या पावसाच्या मृद्गंधातले जिओस्मिन तर एक लिटर पाण्यात पाच-दहा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अवघे पाच-दहा अब्जांश असले तरी नाकाला कळते. मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात.

मराठी माणसाला हा धंदा परका नाही. एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ पासून मुंबईत सुगंधी द्रव्यांच्या व्यवसायात आहे. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंधशास्त्राचे शिक्षणही मिळते. तिथून कल्याणमार्गे मुरबाड, आणि पुढे कर्जतच्या वाटेवर म्हसा. पौष पौर्णिमेच्या म्हसोबाच्या यात्रेसाठी आणि बैलबाजारासाठी हे गाव प्रसिद्ध. यात्रा उलगली की दोनेक महिन्यांत मुरबाड-शहापूरच्या रानात मोह फुलू लागतो.

फाल्गुन-चैत्रात पाने गळालेल्या मोहाला फुले येतात. रात्री ती उमलतात, वटवाघळे त्यांवर येतात आणि पहाटे झाडाखाली मांसल, पिवळसर पाकळ्यांचा सडा पडतो. ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायामुले उजाडायच्या आत टोपल्या घेऊन तो वेचतात. फुलांत साखर भरपूर, त्यामुळे ती सुकवून खातात आणि त्यांची दारूही निघते. वास गोड, थोडा उग्र. आवडला तर फार आवडतो, नाही तर डोके धरायला लावतो.

गंमत पुढेच आहे. पुणे विद्यापीठातील अल्ताफ नदाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहफुलांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांत एक ओळखीचा रेणू सापडला. नाव अवघड, ‘टू-अ‍ॅसिटिल-वन-पायरोलीन’. पण वास आपल्या घरातला. बासमतीचा, आंबेमोहराचा घमघमाट मुख्यतः याच रेणूचा. मक्याच्या ताज्या लाह्यांत तो असतो. कोकणात भात शिजताना ज्या झाडाचे पान घालतात आणि ज्याला आंबेमोहोर पात म्हणतात, त्यातही तोच. रसायनशास्त्र नसताना आजीबाईंच्या नाकाने हे नाते केव्हाच जोडले होते!

भातात हा वास येतो तोही एका बिघाडामुळे. साध्या भातातले एक जनुक या रेणूचा कच्चा माल दुसरीकडे वळवते. बहुतेक सुवासिक जातींत ते जनुक निकामी असते, म्हणून माल साठतो आणि त्याचा सुवास होतो. मात्र हा रेणू उडून जाणारा. कडक तापवून वाळवलेला आणि बरेच दिवस साठवलेला तांदूळ म्हणूनच मुका होतो.

एकच रेणू, पण दोघांचे नशीब किती वेगळे! मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळाले, वासामुळे त्याचा भाव वाढला. मोहाच्या वाट्याला आला तो कायदा. अबकारी उत्पन्न बुडू नये म्हणून इंग्रज सरकारने १८९२ मध्ये ‘म्होवरा अ‍ॅक्ट’ केला, तो ठाणे-कुलाबा भागातल्या मोहफुलांवर निर्बंध घालणारा. घरात फुले बाळगणेही संशयाचे झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही मोहफुलांवरची बंधने ठेवली. आदिवासींना फुले गोळा करायला, साठवायला, वाहून न्यायला असलेले निर्बंध राज्य सरकारने उठवले ते २०२१ मध्ये. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एका फुलाकडे आपण फक्त दारूचा कच्चा माल म्हणून पाहिले.

निर्बंध गेले, पण भाव अजून वजनावर ठरतो, वासावर नाही. फुले मातीतून वेचली, दमट पोत्यात कोंबली की ती आंबतात आणि सुवास जातो. झाडाखाली जाळी किंवा स्वच्छ कापड अंथरले, फुले उन्हात नीट सुकवली, तर तेच फूल खाद्यपदार्थांत आणि सुगंधात मानाने बसू शकते. त्यासाठी फार मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. गरज आहे ती निवडून घेणाऱ्या खरेदीदाराची आणि झाड राखण्याची. मोह फुलायला वर्षे लागतात, तोडायला एक सकाळ पुरते. आंबेमोहराच्या भाताला दोन पैसे जास्त देणाऱ्या आपल्या नाकाने मोहालाही तेवढाच न्याय द्यायला काय हरकत आहे?